स्टिअरिंग कॉलमचा आवाज: आधी जागा शोधा, मग पाना उचला

स्टिअरिंग कॉलममधून (चाकापासून खाली जाणारा दांडा आणि त्याचं आवरण) आवाज येतोय? घाबरू नका, बहुतेकदा दोष किरकोळ निघतो. पण लगेच खोलाखोली नको. नवखे इथेच चुकतात.

गाडी उभी, इंजिन बंद, स्टिअरिंग लॉक उघडलेलं. कुणाला तरी स्टिअरिंगचं चाक थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही पेडलजवळ कान लावा.

- चाकामागेच घासल्यासारखा आवाज: बहुधा प्लास्टिकचं कव्हर किंवा आतली क्लॉक स्प्रिंग (हॉर्न आणि एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी). सोबत हॉर्न बंद किंवा एअरबॅगचा दिवा लागलेला असेल तर संशय स्प्रिंगवरच.
- पायाजवळ करकर: स्टिअरिंगचा शाफ्ट (दांडा) फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून जातो तिथलं कोरडं रबर. थोडं सिलिकॉन ग्रीस पुरतं.
- खटखट, हाताला धक्का: युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा) किंवा त्याचा बोल्ट. जॉइंटवर हात ठेवला की ढिलेपणा कळतो. ढिला असेल तर गाडी चालवूच नका.

फक्त इंजिन चालू असताना घरघरतंय? मग कॉलम सोडा, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बघा (हायड्रॉलिक असेल तर).

दिसेल तिथे गंज काढायचा स्प्रे मारू नका. असलेलं ग्रीसही धुऊन जातं. मीही मारला होता, आठवड्यात आवाज दुप्पट!

आणि एअरबॅग असलेलं चाक सध्या काढायचंच नाही. ते काम जाणकाराचं.