‘नको’ म्हणजे नेमकं कोणतं नको?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग माझेच जुने दिवस आठवले. सुटीत सासरचे सगळे जेवायला येणार. सासूबाईंना सीलिअ‍ॅक (गव्हासारख्या धान्यांतलं ग्लूटेन हे प्रथिन आतड्याला बाधतं तो आजार), सासऱ्यांना मधुमेह आणि रक्तदाब, नणंदेने दूध-अंडीसुद्धा सोडलेली, तिच्या सहा वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. आणि धाकटे दीर, ज्यांना काहीही झालेलं नाही, पण ताटात भाजी दिसली की तोंड वाकडं. प्रत्येकासाठी वेगळं करू की बाहेरून मागवू, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही नको. पाच स्वयंपाक केलेत तर जेवायला बसेपर्यंत तुमचा जीव जाईल, आणि बाहेरच्या स्वयंपाकघरात कोणती पळी कशात बुडते ते आपल्याला दिसत नाही.

पहिलं काम ओट्यावरचं नाही, फोनवरचं आहे, आणि ते तुमच्या नवऱ्याने करायचं. सुनेने विचारलं की ‘अगं, माझं काही नको करूस, मी नुसता भात खाईन’ असं उत्तर येतं. मुलाने विचारलं की खरी यादी बाहेर येते. त्यांना तीन गोष्टी विचारायला सांगा: काय चालत नाही, चुकून खाल्लं तर काय होतं, आणि हल्ली आवडीने काय खाता. तिसरा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की तुमच्या लक्षात येईल, तुमच्याकडे पाच ‘नको’ आहेत आणि एकाचंही वजन दुसऱ्याइतकं नाही. भाच्याचं ‘नको’ जिवाचं आहे. सासूबाईंचं आजाराचं, पण ताटावर बसल्याबसल्या दिसणारं नाही. सासऱ्यांचं प्रमाणाचं आणि वेळेचं. नणंदेचं तत्त्वाचं. दिरांचं निव्वळ जिभेचं. सगळ्यांना एकाच तराजूत घातलं की दिरांच्या नखऱ्यांत दिवस जातो आणि शेंगदाण्याकडे दुर्लक्ष होतं.

तर शेंगदाणा त्या दिवशी घरातच नको. डब्यात नको, चटणीत नको, तेलात नको. आदल्या दिवशी ओटा आणि भांडी साबणाने घासून घ्या. हातही साबण-पाण्यानेच धुवायचे. सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन हातावरच राहतं. पाकिटांवरची ‘अंश असू शकतो’ ही सूचना बऱ्याच देशांत ऐच्छिक असते, त्यामुळे ती नाही म्हणजे पदार्थ निर्धोक, असं समजू नका. शेंगदाणा खरं तर कडधान्यांच्या कुळातला, म्हणून काजू-बदाम चालतात का हे नणंदेला वेगळं विचारा. शिवाय ॲड्रेनॅलिनचं पेन (तीव्र ॲलर्जीत टोचायचं तयार इंजेक्शन) कुठल्या पिशवीत आहे आणि ते कसं द्यायचं, हे ती आल्याआल्या समजून घ्या. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली तर आधी ते द्यायचं आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

सासूबाईंच्या बाबतीत मी स्वतः माती खाल्ली आहे. माझ्या सासूबाईंनाही सीलिअ‍ॅक. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मी मोठ्या हौसेने त्यांच्यासाठी सगळं तांदळाचं आणि मक्याचं केलं. पण तळलं त्याच तेलात, ज्यात आधी मैद्याचं तळून झालं होतं. दोन दिवस त्यांचं पोट बिघडलं आणि त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला नंतर नवऱ्याकडून कळलं. ग्लूटेन-मुक्त म्हणून विकायच्या पदार्थात आंतरराष्ट्रीय मानकानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. यावरून अंदाज घ्या की एका चमच्याला चिकटलेलं पीठसुद्धा किती होतं.

गहू म्हटलं की आपल्याला कणीक आठवते, पण रवा, मैदा, शेवया हेही गहूच. बार्ली (जव) आणि राय (हे धान्य, मोहरी नव्हे) यांतही ग्लूटेन असतं. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो, आणि ओट्समध्ये तो शेतात-गिरणीत मिसळलेला असू शकतो. लाकडी चमचा, पोळपाट, टोस्टर, जाळीची गाळणी यांना पीठ धरून बसतं, म्हणून ती त्या दिवशी वापरू नका. मळताना उडालेलं पीठही बराच वेळ हवेत राहतं. माझं स्पष्ट मत: त्या संध्याकाळी घरात गहू आणूच नका. एक वेळ गहू नसला तर कुणाचं काही अडत नाही, आणि निम्मी काळजी तिथेच संपते.

इथे एक फसगत सांगते. ‘ग्लूटेन-मुक्त’ लिहिलेल्या काही पावांत आणि बिस्किटांत ल्युपिन या कडधान्याचं पीठ असतं, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींना ल्युपिनही सोसत नाही. म्हणजे आजीसाठी आणलेला पाव नातवाला बाधू शकतो. तसंच दूध नसलेलं चीज किंवा क्रीम अनेकदा काजूचं असतं. म्हणून विकतच्या प्रत्येक वस्तूची संपूर्ण यादी वाचायची आणि सगळ्यांची जेवणं होईपर्यंत वेष्टणं फेकायची नाहीत. कुणी विचारलं तर वेष्टण हातात द्यायचं, आठवणीवर बोलायचं नाही.

सासऱ्यांसाठी लोक वेगळा ‘शुगर-फ्री’ गोड पदार्थ आणतात. मला ते आवडत नाही. त्यात साखरेऐवजी माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल हे गोडी आणणारे पदार्थ असले की जास्त खाल्ल्यावर पोट ढवळतं, आणि साखर नाही म्हणून लोक खातातही जास्त. त्यापेक्षा घड्याळ पाळा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधं घेऊन बसलेल्या माणसाला जेवण तासभर उशिरा मिळालं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आठ म्हणालात तर आठलाच ताटं.

मिठाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाभरही नाही. वयाबरोबर चव आणि वास मंदावतात, त्यामुळे त्यांना सगळं अळणी लागणार. लिंबू, लसूण, आलं, मिरी सढळ वापरा, स्वयंपाकात मीठ बेताचं घाला आणि ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. ‘कमी सोडियम’वालं मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं. आणि एवढं सगळं केल्यावर त्यांच्या ताटाकडे टक लावून बघू नका. त्यांनी किती खाल्लं हे मोजायला त्यांची बायको आहेच.

नणंदेचं सोपं आहे. स्वयंपाक तेलात करा, लोणी आणि दही बाजूला वाढा, विषय संपला. फक्त तिला खोटं सांगू नका. ‘थोडंसंच लोणी होतं, कळलं का तुला?’ हा विनोद तिला विनोद वाटत नाही.

दिरांसाठी नवीन काही रांधू नका. त्यांना हमखास आवडणारी एक वस्तू टेबलावर ठेवा आणि आग्रह करू नका. भाजी किसून लपवण्याचा मोह टाळा. ज्या घरात ॲलर्जीचं मूल जेवतंय तिथे ‘यात काय आहे?’ला खोटं उत्तर द्यायची सवयच नको. त्यातून कोथिंबीर त्यांना साबणासारखी लागत असेल तर तो नखरा समजू नका. काही लोकांना ती खरोखर तशीच लागते, आणि त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी सापडला आहे.

मग करायचं काय? मोकळा भात, मसुराचं दाट सूप, तेल-लसूण लावून भाजलेल्या भाज्या, भाजलेले बटाटे, एक कोशिंबीर. हा पाया सगळ्यांना चालतो. लोणी, चीज, अंडी, तिखट असं जे कुणाला चालतं आणि कुणाला नाही, ते वाट्यांमध्ये वेगळं, प्रत्येक वाटीला स्वतःचा चमचा. मटण-मासे हवे असतील तर एकच प्रकार, वेगळ्या भांड्यात, नणंदेपासून लांब. शेवटी दालचिनी घालून भाजलेली सफरचंदं, सासऱ्यांना अर्धं. कुणालाही ‘हे तुमचं वेगळं’ म्हणून झाकलेली ताटली द्यायची नाही. माझ्या सासूबाईंना त्या ताटलीचा गव्हाइतकाच त्रास व्हायचा.

पहिलं वाढप भाच्याचं आणि सासूबाईंचं, बाकीच्यांचे चमचे फिरायच्या आधी. उरलेला भात गप्पांच्या नादात रात्रभर बाहेर ठेवू नका. त्यातल्या जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, म्हणून दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये टाका. सासूबाईंसोबत डबा द्यायचा असेल तर तो वाढायला घ्यायच्या आधीच भरून ठेवा.