तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : शेळ्या-मेंढ्यांची क्षयचाचणी

प्रश्न : कळपातल्या दोन शेळ्या बरेच दिवस खोकतात आणि रोडावत चालल्या आहेत. क्षयाची चाचणी फक्त त्यांचीच केली तर चालेल का?

उत्तर : नाही, पूर्ण कळपाचीच करा. त्वचेवरची ट्युबरक्युलिन चाचणी (क्षयजंतूंच्या प्रथिनांचा अर्क कातडीत टोचून सूज पाहण्याची) जंतू शोधत नाही. शरीराने जंतू ओळखलेला आहे की नाही, एवढेच सांगते. रोग फार पुढे गेलेल्या जनावरात ही ओळख दाखवण्याची ताकदच उरत नाही. म्हणजे सगळ्यात आजारी शेळी ‘निर्दोष’ ठरू शकते आणि तिच्या शेजारची धडधाकट दिसणारी शेळी पॉझिटिव्ह येते. नुकतीच लागण झालेल्या जनावरातही पहिले काही आठवडे काहीच दिसत नाही. व्यायच्या तोंडावर असलेल्या आणि नुकत्याच व्यालेल्या माद्यांत प्रतिक्रिया मंदावते, स्टिरॉइड दिलेल्या जनावरातही. या सगळ्यांची वेगळी नोंद ठेवा आणि त्यांच्या निगेटिव्हवर विसंबू नका. मेंढ्या आणि गाई-म्हशी एकाच गोठ्यात किंवा कुरणात असतील तर त्यांनाही तपासणीत घ्या. मेंढीत हा रोग शेळीपेक्षा कमी आढळतो, पण बाधित गुरांच्या संगतीत तिलाही होतो.

प्रश्न : पशुवैद्यकांनी मानेवर दोन ठिकाणी सुया दिल्या. दोन कशासाठी? आणि आपण काय काळजी घ्यायची?

उत्तर : एक बोवाइन (गुरांच्या क्षयजंतूचे) ट्युबरक्युलिन, दुसरे एव्हियन (पक्ष्यांच्या क्षयजंतूचे). दोन्हींची मात्रा सहसा ०.१ मिली. मातीत, पक्ष्यांत असणारे क्षयजंतूंचे नातेवाईक आणि जोन्स रोगाचा (आतड्यांचा जुनाट आजार) जंतू यांच्यामुळेही बोवाइन टोचलेल्या जागी सूज येऊ शकते. एव्हियनची सूज शेजारी असली की तुलना करता येते. जोन्स रोगाची लस दिलेल्या कळपात तर तुलनेशिवाय निकाल लावणे धोक्याचे.

बहुतेक चुका टोचतानाच होतात. केस किंवा लोकर आधी बारीक कापायची. मेंढीच्या लोकरीवरून माप घेणे म्हणजे अंदाजपंचे काम. कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने जाडी मोजायची आणि कानातल्या बिल्ल्याच्या नंबरासमोर लिहायची. जिथे आधीच गाठ, खरूज किंवा जखम आहे ती जागा टाळायची. सुई तिरकी, कातडीच्या थरातच जायला हवी. औषध बरोबर गेले तर बोटाला मसुराएवढा टणक फुगवटा लागतो. तो लागला नाही तर औषध कातडीखाली उतरले किंवा बाहेर सांडले, असे समजावे. असा निगेटिव्ह बिनकामाचा. दोन्ही औषधांच्या सिरिंज वेगळ्या ठेवा, एव्हियनची जागा कोणती हे पूर्ण कळपात एकच ठरवा, आणि दोन्ही जागांत एवढे अंतर ठेवा की सुजा एकमेकींत मिसळणार नाहीत. शेळीची मान आखूड पडली तर दोन बाजूंना दिलेले बरे. बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला, उजेडापासून दूर. गोठलेले ट्युबरक्युलिन वापरू नका.

७२ तासांनी वाचन. पहिल्यांदा ज्याने मोजले त्यानेच पुन्हा मोजावे, कारण चिमटीचा दाब माणसागणिक बदलतो. नुसत्या डोळ्यांनी पाहून ‘काही नाही’ म्हणणाऱ्यांना आमच्याकडून स्पष्ट नकार : दोन-तीन मिलिमीटरची वाढ बोटांनाच कळते.

प्रश्न : माझ्या एका शेळीची एव्हियनची घडी ३ वरून ५ मिमी झाली, बोवाइनची ३ वरून ८.५ मिमी. ती पॉझिटिव्ह की नाही?

उत्तर : वाढ अनुक्रमे २ आणि ५.५ मिमी, फरक ३.५ मिमी. गुरांसाठी प्रचलित असलेल्या आणि शेळ्यांनाही लावल्या जाणाऱ्या नियमात फरक ४ मिमीपेक्षा जास्त असेल तर पॉझिटिव्ह, १ ते ४ मिमी असेल तर संशयित. तुमची शेळी संशयित. बोवाइन एकटेच दिले असते तर ५.५ मिमी वाढीवर ती सरळ पॉझिटिव्ह ठरली असती. तिथे ४ मिमी किंवा जास्त वाढ पुरते. कळपात रोग आधीच सिद्ध झालेला असेल तर पशुवैद्यक कडक निकष लावतात, आणि ते योग्यच. सूज मऊ, गरम, दुखरी असेल, पाणी सुटत असेल किंवा कातडी काळी पडली असेल तर मिलिमीटर कमी भरले तरी ते सांगा.

फेरचाचणी लगेच नको. एकदा टोचल्यावर प्रतिक्रिया काही काळ बोथट होते, म्हणून किमान ४२ दिवस थांबतात. तोवर ही शेळी वेगळी बांधा, तिची पाण्याची टाकी आणि गव्हाणही वेगळी.

प्रश्न : रक्ताच्या चाचणीने हे सगळे टळेल का?

उत्तर : टळत नाही, जोड मिळते. इंटरफेरॉन-गॅमा चाचणीला (रक्तातल्या पेशी क्षयजंतू ओळखतात का हे पाहणारी) हेपॅरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या, नळीतले रक्त लागते आणि त्यातल्या पेशी जिवंत पोहोचाव्या लागतात. बर्फात गारठवलेला किंवा बराच काळ पडून राहिलेला नमुना वाया. अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) शोधणारी एलायझा ही रक्तचाचणी उलट्या टोकाची : रोग मुरलेली, त्वचा-चाचणीला दाद न देणारी जनावरे तिच्यात सापडतात. ट्युबरक्युलिन टोचल्यावर बाधित जनावरांत अँटिबॉडी वाढतात, म्हणून १५ ते ३० दिवसांनी घेतलेले रक्त जास्त बोलके असते.

प्रश्न : कापलेल्या मेंढीच्या लसीकाग्रंथीत पू सापडला. क्षयच ना?

उत्तर : असेलच असे नाही. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर असलेला, हिरवट-पांढरा पू, विशेषतः खांद्यापुढच्या ग्रंथीत, हा बहुधा केसियस लिम्फॅडेनायटिसचा (ग्रंथींत पू करणारा वेगळा जिवाणूजन्य रोग) असतो. फुप्फुसात आणि त्यालगतच्या ग्रंथींत पिवळट, चिजासारखी, सुरीला खरखर लागणारी गाठ असेल तर क्षयाचा संशय बळावतो. नजरेने निकाल देऊ नका. हातमोजे, मास्क घालून गाठीचा अर्धा तुकडा थंड ठेवून कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे) व पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणे) यांसाठी, अर्धा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये पाठवा. सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. कल्चरला आठवडे लागतात. तोवर कळपातून विक्री आणि बोकडांची देवाणघेवाण बंद, आणि दूध उकळल्याशिवाय कोणालाही देऊ नका, करडांनासुद्धा.