नवीन गॅजेट्स, इंटरफेस आणि इंटरनेटवरचे ट्रेंड यांत सध्या खरोखर लक्ष देण्यासारखं काय आहे?

तुम्ही विचारलंय की दर आठवड्याला नवं गॅजेट, नवं ॲप, नवा ट्रेंड येतो, सगळ्यांच्या मागे धावणं जमत नाही, तर यातलं नेमकं कशाकडे बघावं?

मी म्हणेन, बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या वस्तूंकडे. स्क्रीन किती इंच, कॅमेरा किती मेगापिक्सेल, यात आता फारसं नवीन उरलेलं नाही. नवीन जे काही चाललंय ते आवाजात चाललंय. आणि मराठी माणसाने अशी प्रत्येक वस्तू हातात घेताना दोन प्रश्न विचारावेत: ही मराठी बोलते का? आणि हिला माझी मराठी ऐकू येते का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

हे मी कुठल्या अनुभवावर बोलते तेही सांगते. 1981 साली मी मुंबईत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले, म्हणजे परगावचे फोन जोडून द्यायचं काम. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि तारेच्या खरखरीतून येणारे आवाज: "कराड लागलं का हो?", "सावंतवाडी अर्जंट बुक करा." एसटीडी घरोघरी आल्यावर ते काम संपलं, मग बरीच वर्षं 197 वर, फोन नंबरांच्या चौकशीला बसले. आता निवृत्त झाल्यावर दर शनिवारी परळच्या एका ज्येष्ठ नागरिक संघात माझ्याच वयाच्या लोकांना स्मार्टफोन शिकवते. माणूस यंत्राशी बोलताना कुठे अडखळतो, हे मी आयुष्यभर ऐकत आलेय.

सगळ्यात आधी भाजीवालीकडे चला. दादर पश्चिमेला जिच्याकडून मी भाजी घेते, तिच्या छत्रीच्या दांड्याला सुतळीने एक छोटा डबा बांधलेला आहे. तिचे हात कोथिंबिरीच्या पाण्याने ओले, एका हातात तराजू, समोर चार गिऱ्हाइकं. मी क्यूआर कोड स्कॅन केला की डबा बोलतो, "एकशे सत्तेचाळीस रुपये प्राप्त झाले." ती मान वर न करता पिशवी पुढे करते. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत या शहरात आलेलं सगळ्यात महत्त्वाचं गॅजेट हे आहे, हा साउंडबॉक्स. यूपीआय 2016 च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, पण विक्रेत्याला पैसे आलेत की नाही हे कळायला हात पुसून फोन उघडावा लागायचा, आणि गर्दीच्या वेळी कुणी जुना किंवा बनावट स्क्रीनशॉट दाखवून निघून जायचं. साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिमकार्ड असतं. पैसे जमा झाल्याचा निरोप पेमेंट कंपनीकडून थेट डब्यात येतो. गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर विश्वास ठेवायची गरजच राहत नाही.

आता त्या "सत्तेचाळीस"कडे जरा नीट बघा. इंग्रजीत 1 ते 99 बोलायला 27 शब्द पुरतात: 19 पर्यंतचे आकडे आणि वीस, तीस, चाळीस असे दशकांचे आठ शब्द. बाकीचं जोडून होतं. मराठीत तसं चालत नाही. सत्तेचाळीस वेगळं, सत्तावन्न वेगळं, सदुसष्ट वेगळं. सुटे शब्द जोडून आकडा बोलणाऱ्या यंत्राला मराठीसाठी सगळे 99 शब्द वेगवेगळे लागतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "बासष्ट"सोबत "साठ दोन" असं वाचन आलं, तेव्हा केवढा वाद झाला होता ते आठवत असेल. मला त्या वादातल्या दोन्ही बाजू कळतात, कारण एक्स्चेंजमध्ये "पंचावन्न" आणि "पंच्याण्णव" यांनी आमचा जीव खाल्लाय. म्हणून आम्ही पाच-पाच, नऊ-पाच असा एकेक आकडा सुटा करून परत म्हणून घ्यायचो. तरीही भाजीवालीच्या डब्यातून स्वच्छ "सत्तेचाळीस" ऐकलं की मला बरं वाटतं. यंत्रासाठी आम्ही आकडे बदलले नाहीत, यंत्राने आमचे आकडे शिकून घेतले.

हे आपोआप होत नाही, मागावं लागतं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं मुख्यालय आपल्या मुंबईत आहे. बोलून पैसे पाठवायची "हॅलो! यूपीआय" ही सोय 2023 च्या सप्टेंबरमध्ये इथेच जाहीर झाली, आणि सुरुवातीच्या भाषा होत्या हिंदी आणि इंग्रजी. म्हणजे पैसे आल्याचं मराठीत ऐकता येतं, पण पैसे पाठव असं मराठीत सांगायची सोय पहिल्या दिवशी नव्हती.

आता ऐकणाऱ्या वस्तू. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ही गोष्ट माझ्या घरातली आहे.

ह्यांना सहा वर्षांपासून कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आहे, पण जेवायला पाच माणसं बसली, वर पंखा, मागे टीव्ही, की त्यातून नुसता कल्लोळ येतो. हळूहळू ह्यांनी बोलणंच सोडलं. जेवून उठायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. मग मला गूगलचं "लाइव्ह ट्रान्सक्राइब" सापडलं. 2019 पासून आहे, फुकट आहे, आणि समोरचा बोलतो ते मराठीत स्क्रीनवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवतं. पहिल्या दिवशी मी फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. नात शाळेतलं काहीतरी सांगत होती. ह्यांचा घास हातातच राहिला. अक्षरं एकेक करून वर सरकत होती, काही चुकीची, काही मागाहून स्वतःच दुरुस्त होणारी. नात थांबली आणि हे म्हणाले, "मग बाई काय म्हणाल्या?" सहा वर्षांत जेवणाच्या ताटावर ह्यांनी असा प्रश्न विचारला नव्हता.

तुमच्या घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर नवा फोन घेण्याआधी हे ॲप आहे त्याच अँड्रॉइड फोनवर घाला. भाषा मराठी निवडा, अक्षरं मोठी करा, फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. दोघं एकदम बोलली की ते गोंधळतं, तेव्हा घरच्यांनी एकेकाने बोलायची सवय लावून घ्यावी. आमच्याकडे ती लागली.

उलट दिशेचं काम म्हणजे बोलून लिहिणं. गूगलच्या कीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग 2017 च्या ऑगस्टमध्ये आलं. संघातल्या कित्येकांना अजूनही हे माहीत नसतं, ते एकेक अक्षर शोधत बसतात. कीबोर्डवरचा माइक दाबा आणि बोला, एवढंच. पण इथेच मला एक गोष्ट खुपते. वरळी कोळीवाड्यातल्या एक मावशी माझ्याकडे शिकायला येतात. त्यांना सकाळी गिऱ्हाइकांना निरोप पाठवायचा असतो, आज काय म्हावरं आलंय त्याचा. त्या त्यांच्या बोलीत बोलल्या, "मला"ला "मना" म्हणत, की फोनवर काहीतरी भलतंच उमटायचं. मांदेलीचं "मांडली" व्हायचं. दोन-तीन आठवड्यांत मावशींनी तोड काढली: फोनशी त्या शाळेच्या पुस्तकातली मराठी बोलायला लागल्या, सावकाश, शब्द तोडून. निरोप बरोबर जायला लागले. त्या खूश, मी मात्र घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होते. डब्याने आमचे आकडे शिकून घेतले, आणि इथे मावशींना स्वतःची बोली बाजूला ठेवावी लागली.

याच्या अगदी उलट रील्सवर चाललंय, आणि इंटरनेटवरच्या ट्रेंडमधलं मला सगळ्यात लक्ष देण्यासारखं वाटतं ते हेच. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्राम रील्स भारतात आलं, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी पहिल्यांदा भारतातच सुरू केली. या छोट्या व्हिडिओंना लोक नावं ठेवतात, वेळ खातात म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी बोलणारी पोरं तिथे स्वतःच्या बोलीत, जराही न लाजता बोलतात. आमच्या वेळी आकाशवाणीवर काय किंवा दूरदर्शनवर काय, बोली ऐकू यायची ती बहुतेक लोकनाट्यात नाहीतर शेतीच्या कार्यक्रमात. आता जळगावकडची मुलगी अहिराणीत मोबाईलची माहिती सांगते आणि मुंबईतली माणसं ते ऐकतात. माणसांच्या कानाला बोली चालते. यंत्राच्या कानाला ती अजून शिकायचीय.

यूट्यूबच्या आपोआप डबिंगवरही नजर ठेवा. 2024 च्या डिसेंबरमध्ये ते मोठ्या प्रमाणात सुरू झालं. इंग्रजी व्हिडिओ ज्या भाषांत होऊ लागले त्या पहिल्या यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. ज्ञानाचे व्हिडिओ आपल्या भाषेत आपसूक ऐकू आले तर चौथीतल्या पोरालाही जगातलं कुठलंही व्याख्यान खुलं होईल. म्हणून ही यादी वाढते का, ते बघत राहा.

यंत्राशी चालती-बोलती गप्पा मारायची सोयही आता मराठीत आहे. गूगलने 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जेमिनी लाइव्ह या बोलक्या एआय मदतनीसासाठी ज्या भारतीय भाषा जाहीर केल्या त्यांत मराठी होती. मध्येच तोडून "थांब, परत सांग" म्हणता येतं, वयस्क माणसांना हे फार आवडतं. सरकारी पत्रातली भाषा सोपी करून घ्यायला छान. औषधाच्या गोळीचं नाव आणि डोस मात्र यावर सोडू नका, ते ठामपणे चूक सांगू शकतं. चिठ्ठी घेऊन केमिस्टकडेच जा.

कॅमेऱ्याच्या चष्म्यांबद्दल थोडक्यात. रे-बॅन मेटा 2025 च्या मे महिन्यात भारतात आला, किंमत 29,900 रुपयांपासून. दृष्टिहीन माणसाला समोरची पाटी किंवा पत्रिका वाचून दाखवणारा चष्मा हा मोठा आधार आहे, त्यासाठी मी त्याचं स्वागतच करते. पण लोकलच्या लेडीज डब्यात समोरच्या व्यक्तीच्या चष्म्यात कॅमेरा असू शकतो, हेही आता मुलींना सांगावं लागणार. रेकॉर्डिंग चालू असताना फ्रेमच्या कोपऱ्यात छोटा पांढरा दिवा लागतो, तो ओळखायला शिका.

आणि एकदम नव्या वस्तूवर पैसे टाकण्याआधी ह्यूमेन कंपनीचा एआय पिन आठवा. छातीवर लावायचा, बोलून चालवायचा, फोनची जागा घेणार होता. 699 डॉलर, वर महिन्याला 24 डॉलर. 2024 च्या एप्रिलमध्ये लोकांच्या हातात पडला आणि 28 फेब्रुवारी 2025 ला कंपनीने तिचे सर्व्हर, म्हणजे ज्या दूरच्या संगणकांवर पिन चालायचा ते, बंद केले. पिन धडधाकट, पण मुका. म्हणून दुकानदाराला विचारा, कंपनीने उद्या सर्व्हर बंद केला तर ही वस्तू काय काय करेल? उत्तर "काहीच नाही" असेल तर थोडं थांबा.

आवाजाची एक भीतीही आहे. 2023 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 3 सेकंदांच्या नमुन्यावरून कुणाचाही आवाज तयार करून दाखवला. चाळीस वर्षं मी आवाजावरून माणूस ओळखत आले, आता तेवढ्यावर भागत नाही. "आई, मी अडकलोय, पैसे पाठव" असा फोन मुलाच्याच आवाजात येऊ शकतो. आमच्या घरात एक खुणेचा शब्द ठरलाय, तो विचारल्याशिवाय कुणी पैशाचं बोलत नाही. तुम्हीही आज रात्री जेवताना ठरवून टाका. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात.

आता मावशींकडे परत येते. यंत्राचे कान माणसांच्या रेकॉर्डिंगवर तयार होतात. ज्यांचे आवाज त्यात नाहीत, त्यांचं बोलणं त्याला कळत नाही. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाच्या "कॉमन व्हॉइस" या आवाज गोळा करणाऱ्या साइटवर मराठी आहे: स्क्रीनवर वाक्य येतं, तुम्ही ते वाचून रेकॉर्ड करता, दुसरे लोक ऐकून बरोबर आहे का ते सांगतात. आपला लहेजा कुठला तेही नोंदवता येतं. भाषिणी या सरकारच्या भाषांतर प्रकल्पाचं "भाषादान" आहे, तिथेही बोलून, ऐकून, लिहून मदत करता येते. दोन्हींना पैसे लागत नाहीत, शिक्षण लागत नाही.

मागच्या शनिवारी मी मावशींना कॉमन व्हॉइस उघडून दिलं. पहिलं वाक्य तीनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्या दोन्ही वेळा बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. चौथ्या वाक्यापासून त्या फोनसाठीचा आवाज विसरल्या आणि बाजारात बोलतात तशा बोलायला लागल्या, ठसक्यात, ओढून. मी मध्ये काही बोलले नाही. दहा वाक्यं झाल्यावर म्हणाल्या, माझ्या दोन जावांना पण घेऊन येते.