जहाज नौदलाचं, पण दुरुस्ती नक्की कुणाची?

प्रश्न : मागे मुंबईत युद्धनौका लोकांना बघायला खुली ठेवली होती तेव्हा आम्ही घरचे सगळे जाऊन आलो. एवढं मोठं धूड, आत इंजिनं, तोफा, रडार, किलोमीटरभर वायरी... हे सगळं मेंटेन कोण करतं? मेव्हणा म्हणतो माझगाव डॉक, मी म्हणतो नेव्हीचीच माणसं. चहाची पैज लागलीय. – एक वाचक, इस्लामपूर

पैज तुम्ही जिंकलात, पण मेव्हण्यालाही अर्धा कप पाजा, कारण हा घोळ मुंबईतली माणसंसुद्धा घालतात. माझगाव डॉक ही सरकारी कंपनी, तिचं मुख्य काम जहाजं बांधायचं. कोलकाता, विशाखापट्टणम या वर्गाच्या विनाशिका तिथेच बांधल्या. दुरुस्तीचं ठिकाण म्हणजे नेव्हल डॉकयार्ड, ते फोर्टात लायन गेटच्या आत, नौदलाचं स्वतःचं. आणि गंमत बघा, हार्बर लाइनला डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरलात तर जवळ पडतं माझगाव डॉक! नेव्हल डॉकयार्डात नवीन लागलेला एखादा पोरगा पहिल्या दिवशी तिथे उतरतो आणि मग टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालत लायन गेटला पोचतो.

आता मूळ प्रश्न. पहिली जबाबदारी जहाजावरच्याच माणसांची, म्हणजे आम्ही ज्याला शिप्स स्टाफ म्हणायचो त्यांची. वर कमांडिंग ऑफिसर, त्याच्या हाताखाली इंजिनिअर ऑफिसर, इलेक्ट्रिकल ऑफिसर, आणि त्यांच्याखाली आर्टिफिसर, म्हणजे शिकलेले तंत्रज्ञ, आणि मेकॅनिक. इंजिनवाली मंडळी आपल्या लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत (नाव जहाजासारखं, पण ही जमिनीवरची शाळा) शिकून येतात, इलेक्ट्रिकलवाली जामनगरच्या आयएनएस वलसुरात. इंजिनरूममध्ये वॉचवर असलेला माणूस ठरलेल्या वेळी ऑइल प्रेशर, टेम्परेचर सगळं लॉगमध्ये लिहितो, कारण मशीन बिघडायच्या आधी आकड्यात दिसतं. तेल बदलणं, फिल्टर धुणं, छोटे पंप खोलून सील टाकणं, गंज ठोकून काढून रंग मारणं हे सगळं जहाजावरच. नेव्हीत भरती झालेल्या पोराला तोफ चालवायच्या आधी चिपिंग हॅमर हातात मिळतो असं म्हणतात ते काय अगदीच खोटं नाही.

जहाज बंदरात आलं की फ्लीट मेन्टेनन्स युनिट मदतीला असतं, म्हणजे शिप्स स्टाफला झेपत नाही पण डॉकयार्डात घालण्याइतकंही मोठं नाही अशी कामं. त्याच्या पुढचं सगळं डॉकयार्डकडे. मुंबई आणि विशाखापट्टणम ही दोन मोठी, शिवाय कोची, कारवार आणि पोर्ट ब्लेअरला रिपेअर यार्ड. आणि या सगळ्याचा दिल्लीतला बाप म्हणजे चीफ ऑफ मटेरियल, व्हाइस अ‍ॅडमिरल दर्जाचा. त्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, फायली तिथे जातात आणि कधी ना कधी परत येतात.

खरी मजा रिफिटच्या, म्हणजे यार्डातल्या मोठ्या दुरुस्तीच्या, आधी. शिप्स स्टाफ डिफेक्ट लिस्ट बनवतो आणि मग मीटिंगमध्ये जुंपते. जहाजवाले म्हणतात हा पंप यार्डाने करायचा, यार्डवाले म्हणतात हे तुमचं रोजचं काम, दोन वर्षं केलं नाहीत म्हणून आता आमच्या गळ्यात मारताय. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं. पण माझं मत विचाराल तर मालक जहाजवालाच, यार्ड कितीही मोठं असलं तरी ते करून देणारं. वाकवाकून पाहणारा इंजिनिअर ऑफिसर असला की त्या जहाजाचं काम नीट होतं, नुसता सही करणारा असला की तेच जहाज महिनाभरात परत दारात.

सुक्या गोदीतलं एकच काम सांगतो. गोदीत जहाज घेऊन पाणी उपसलं की ते ब्लॉकवर बसतं, तळाला चिकटलेली शिंपलं खरवडतात, गंज थोपवायला लावलेले जस्ताचे झिजलेले ठोकळे, म्हणजे झिंक, बदलतात आणि समुद्राचं पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह उघडतात. व्हॉल्व्हची सीट, म्हणजे बंद होताना तो जिथे टेकतो ती जागा, घासायची, वर निळा रंग लावायचा, व्हॉल्व्ह बसवून फिरवायचा आणि उचलून बघायचं. निळा सगळीकडे सारखा उठला तर ठीक, कुठे गॅप दिसली की परत घासा. दिवस जातो एकेका व्हॉल्व्हला! बघणाऱ्याला वाटतं टाइमपास चाललाय, पण गोदीत एकदा पाणी सोडलं की पुढच्या डॉकिंगपर्यंत तो व्हॉल्व्ह नीट उघडता येत नाही, आणि पाण्याखाली जहाजाला पडलेलं ते भोकच आहे ना शेवटी.

गोदीतून काढतानाही जीव टांगणीला असतो. डिसेंबर 2016 मध्ये मुंबईत आयएनएस बेतवा गोदीतून काढतानाच कलंडली, दोन नौसैनिक गेले. विमानवाहू जहाजांसाठी 281 मीटर लांबीची नवी गोदी मुंबईत 2019 ला सुरू झाली.

आता मेव्हण्याचा अर्धा कप. सगळंच काम नौदल स्वतः करत नाही. विक्रमादित्य या विमानवाहू जहाजाच्या रिफिटचं सुमारे 1207 कोटींचं काम 2024 च्या अखेरीला कोचीन शिपयार्डला दिलं, गोवा शिपयार्डही दुरुस्ती करतं. युक्रेनी बनावटीच्या गॅस टर्बाइनचं ओव्हरहॉल विशाखापट्टणमच्या आयएनएस एक्सिला या नौदलाच्याच जमिनीवरच्या केंद्रात होतं. टर्बाइन जहाजावर बसून खोलत नाहीत, अख्खं उचलून बाहेर काढतात आणि दुसरं बसवतात.

प्रश्न : मुलाचा आयटीआय फिटर झालाय. डॉकयार्डात चान्स आहे का? – एक पालक, चिपळूण

आहे. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डाची स्वतःची अप्रेंटिस स्कूल आहे, आयटीआयवाल्यांसाठी जाहिरात निघते, फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन वगैरे ट्रेड. मात्र अप्रेंटिसशिप झाली म्हणजे पर्मनंट झाला असं नाही, त्याची भरती वेगळी, परीक्षा वेगळी. काम सिव्हिलियनचं, युनिफॉर्म नाही, पण बॉयलर सूट घालून जुलैत जहाजाच्या टाकीत उतरायची तयारी पाहिजे. टाकीत आधी गॅस चेक झाल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय उतरायचं नाही, हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा, कुणीही घाई केली तरी.

प्रश्न : अमेरिकेच्या नेव्हीची जहाजं आपल्याकडे दुरुस्तीला येतात हे खरं का, की व्हॉट्सअ‍ॅप? – एक वाचक, ठाणे

खरं आहे, पण फॉरवर्ड करणाऱ्याने मीठमसाला लावलाय. ऑगस्ट 2022 मध्ये चार्ल्स ड्र्यू हे जहाज चेन्नईजवळ कट्टुपल्लीला एल अँड टी च्या यार्डात आलं होतं. ते लढाऊ नाही, रसद पुरवणारं जहाज. त्यांच्या नौदलाची स्वतःची चार शिपयार्डं आहेत, ती मुख्यतः अणुपाणबुड्या आणि विमानवाहू जहाजांत अडकलेली असतात, बाकीची जहाजं बहुतेक खासगी यार्डांकडे जातात. नंतर 2023 मध्ये त्यांनी दुरुस्तीचे करार केले, त्यात एल अँड टी बरोबर आपलं माझगाव डॉकही आहे.