लास्ट सीन बघणं आधी बंद कर

अगं, आधीच्या बॉयफ्रेंडने फसवलं म्हणून आताच्या मुलाचं लास्ट सीन बघत बसावंसं वाटतं हे मी समजू शकते, पण त्याने विश्वास वाढत नाही गं, चेक केलं की थोडा वेळ बरं वाटतं आणि मग परत तीच धडधड, आणि हळूहळू चेक केल्याशिवाय चैनच पडत नाही. त्याचं व्हॉट्सॲप गुपचूप तुझ्या लॅपटॉपवर लिंक केलंयस ना, ते तर आजच काढ, त्याला कळलं तर विश्वास त्याचा तुटेल.

सरळ बोल त्याच्याशी. भांडण चालू असताना नाही, निवांत असताना. "कुठे होतास?" असं नको, "उशीर होणार असेल तर एक मेसेज टाक, मागच्या अनुभवामुळे मला भीती वाटते" असं सांग आणि मग तो ते पाळतो का ते एक-दोन महिने बघ. पण तो खरंच खोटं बोलताना सापडत असेल ना, पैशांचं म्हण, त्याच्या एक्स-गर्लफ्रेंडचं म्हण, तर मग हा तुझा ट्रस्ट इश्यू नाहीच, उगाच स्वतःला दोष देऊ नकोस.

आणि झोपच उडाली असेल तर १४४१६ ला फोन कर, टेली मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीतही बोलता येतं.