‘माणसं मिळत नाहीत’ लिहिण्याआधी

प्रिय बाळ,

सिन्नरच्या वेअरहाउसमध्ये एचआरला लागलीस आणि लगेच साहेबांनी ‘माणसं मिळत नाहीत’ यावर रिपोर्ट मागितला, असं कळवलंस. रिपोर्ट दे, पण ते वाक्य इतक्यात लिहू नकोस. नाशिक जिल्ह्यात माणसं आहेत. ती येतात आणि टिकत नाहीत. का टिकत नाहीत, तेवढं शोध.

आधी त्यांचं वर्ष समजून घे. पेठ-सुरगाण्याकडची पोरं पाऊस लागला की भाताच्या आवणीला घरी जाणारच, हजेरी बोनस कितीही लाव. भात निघाल्यावर परततात, पण जानेवारी ते एप्रिल दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा आणि पॅकहाउस त्यांना ओढून घेतात. तिथे टोळीला उक्तं काम मिळतं, रोख हातात पडते. होळीला तर कुणी थांबायचंच नाही. बिहारकडचे छठला निघतात. हे सगळं दरवर्षी ठरलेलं, तरी दर जूनमध्ये ठेकेदाराला घाबऱ्या घाबऱ्या फोन जातात. (याचं मला आता हसूसुद्धा येत नाही.) कोण कधी जाणार हे आधीच विचार, सुट्टी मान्य कर, जागा राखून ठेव. न सांगता गेलेला माणूस सहसा परत येत नाही.

पगाराचं थोडक्यात सांगतो. ठेकेदाराने पैसे बुडवले तर जबाबदारी मूळ मालकावर येते. हे जुन्या कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही आहे. काम सोडून जाणाऱ्याचा हिशेब पुढच्या दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. ठेकेदाराच्या बिलावर सही होण्याआधी पीएफचं चलन मागत जा. तो नाराज होईल, होऊ दे.

आता ड्रायव्हर. तो तुमच्या मस्टरवर नाही, म्हणून एचआरच्या कुणाला दिसतच नाही. गेटवरच्या केबिनमधलं रजिस्टर उघडून बघ. गाडी आली ती वेळ एका रकान्यात, गेली ती दुसऱ्यात. मधले तास त्याने कुठे काढले, याला रकानाच नाही. तो बाहेर टायरच्या सावलीत बसलेला असतो, कारण आतल्या टॉयलेटवर ‘फक्त स्टाफसाठी’ अशी पाटी असते. हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, मागितलं की ट्रान्सपोर्टर कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी ट्रान्सपोर्टरकडे. ई-वे बिलाला, म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन परवान्याला, दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. बिल काढून भरलेली गाडी यार्डातच अडकवली तरी मुदत सरतच राहते. मग उशीर भरून काढायला कसारा घाटात गाडी दामटायची ती त्यानेच. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर पूर्ण खुला झाला, पण डॉक, म्हणजे माल चढवायची-उतरवायची जागा, रिकामा नसेल तर रस्त्यावर वाचवलेला वेळ तुमच्या गेटवर जातो.

जानेवारी २०२४ आठवतो ना? हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध ड्रायव्हर थांबले, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर निघेनात, पंपांवर रांगा लागल्या. तेव्हा सगळ्यांना ड्रायव्हर दिसला. मग टँकर सुरू झाले आणि विषय संपला. अशा कामाला आपलं पोरगं पाठवायला कुठला ड्रायव्हर तयार होईल? तुझ्या रिपोर्टमधला टंचाईचा मुद्दा खरं तर इथे आहे. मला विचारशील तर पगारवाढीच्या प्रस्तावाआधी पाणी, संडास, झोपायला शेड आणि डॉकची ठरलेली वेळ, एवढंच माग. खर्च किरकोळ आहे, तरी मीटिंगमध्ये याच्यावरच जास्त चर्चा होईल बघ.

माथाडींशी पहिल्याच भेटीत वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून, वाद घालू नकोस. १९६९ चा माथाडी कायदा आधी वाच. मंडळ, टोळीची नोंदणी आणि लेव्ही म्हणजे काय ते समजून घे. नोंदलेले हमाल वेगळे आणि त्यांच्या नावावर गाडी अडवून पैसे उकळणारे वेगळे. दोघांना एकाच दमात शिव्या देणारे मॅनेजर तुला भेटतील, त्यांच्यात सामील होऊ नकोस.

रिपोर्टसाठी नवीन सर्व्हे करत बसू नकोस. गेल्या वर्षभरात सोडून गेलेल्यांचे नंबर सुपरवायझरकडे असतील, त्यांनाच फोन कर. दिवसा नको, ते दुसरीकडे शिफ्टवर असतात. रात्री आठनंतर लाव, आणि परत या म्हणू नकोस, फक्त का गेलात ते विचार.

तुझा,
काका