रोटरीचं फोम पॅड सारखं सुटतं, काळ्या बोनेटवर जाळी उमटते: बॅकिंग प्लेट बदलावी का?

तुम्ही लिहिलंय की शिरोलीत गॅरेज आहे, गाडीला पॉलिश करायची सात इंची रोटरी मशीन आहे, मशीनसोबत आलेल्या सात इंची बॅकिंग प्लेटवर (पॅड जिला वेलक्रोनं चिकटतं ती चकती) सहा इंची फोम पॅड लावता. दोन गाड्या झाल्या की पॅड वेलक्रोवरून निघतं, मशीन थरथरते आणि काळ्या बोनेटवर उन्हात बारीक ओरखड्यांची जाळी दिसते. कंपाउंड दोनदा बदलून झालं, चार इंची ग्राइंडरवर पॅड लावून चालेल का हेही विचारलंय.

कंपाउंडचा यात फारसा संबंध नाही. सात इंची प्लेटवर सहा इंची पॅड, घोटाळा इथंच आहे.

प्लेट नेहमी पॅडपेक्षा लहान हवी. सहा इंची म्हणजे १५० मिमी पॅडला १२५ मिमीची प्लेट, १८० च्या पॅडला १५० ची, गाडीच्या दारांमधले खांब आणि आरशांच्या ८० मिमी पॅडला ७५ ची. मोठ्या पॅडला चारी बाजूंनी अर्धा इंच फोम प्लेटच्या बाहेर राहिला पाहिजे. तुमच्याकडे उलटं झालंय. मशीन जराशी कलली की प्लेटची कड आणि वेलक्रोचे उघडे हूक थेट रंगावर घासतात. कंपनीच्या रंगावर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा, थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो आणि बोनेटच्या धारेवर त्याहूनही पातळ, तिथं कड एकदा टेकली की रंग गेलाच. फार लहान प्लेटही नको. १८० च्या पॅडखाली ७५ ची प्लेट घातली तर सगळा दाब मध्यावर येतो, बाहेरचा फोम फडफडतो आणि मधला भाग तापतो.

पॅड सुटण्याचं मूळही तापण्यातच असतं. प्लेटवरचे हूक नायलॉनचे असतात. २००० च्या वर आरपीएम (मिनिटाला फेरे) ठेवून, मशीन रेटून एकाच जागी घासलं की हूक मऊ होऊन आडवे पडतात आणि पॅडच्या पाठीचा डिंकही सैल होतो. प्लेट उजेडात तिरकी धरून बघा. हूक चकाकत आडवे झालेले दिसले तर ते परत उभे राहत नाहीत, प्लेट बदला. नुसती पांढरी पूड अडकली असेल तर कडक नायलॉन ब्रश मारा आणि कॉम्प्रेसरची हवा द्या. गॅरेजमध्ये हात लगेच थिनरकडे जातो. तो इथं वापरू नका, प्लेटचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम आणि डिंक दोन्ही त्यानं खराब होतात. पॅड काढतानाही ते गार होऊ द्या, मग एका बाजूनं हळूहळू सोलत काढा. गरम पॅड हिसकलं की वेलक्रोचं कापड प्लेटवर राहतं आणि फोम हातात येतो.

आता थरथर. साठ ग्रॅमचं पॅड मध्यापासून फक्त ५ मिमी सरकून बसलं तर १८०० आरपीएमला जवळपास एक किलोचा ओढा तयार होतो आणि तो मिनिटाला १८०० वेळा दिशा बदलतो. वेग निम्मा केला की हा ओढा चौथाईवर येतो, म्हणून ९०० ला मशीन गुपचूप चालते आणि वेग वाढवला की हातात नाचते. मधोमध भोक असलेली प्लेट आणि तसंच भोक असलेलं पॅड घेतलं तर बोट किंवा पिन घालून केंद्र जुळवता येतं, शिवाय त्या भोकातून उष्णता निघते. भोक नसेल तर पॅडच्या पाठीवर प्लेटच्या मापाचं वर्तुळ मार्करनं आखून ठेवा, एवढ्यानं भागतं.

पॅड नीट बसवूनही थरथर राहिली तर प्लग काढा. मशीन बाकावर घट्ट धरा, प्लेटच्या कडेजवळ पेन्सिल टेकवून ठेवा आणि प्लेट हातानं फिरवा. फट कमी-जास्त होत असेल तर प्लेट वाकडी आहे किंवा आट्यांत तिरकी बसली आहे. प्लेट काढून तीच परीक्षा नुसत्या स्पिंडलवर, म्हणजे प्लेट ज्यावर चढते त्या फिरत्या दांड्यावर, घ्या. स्पिंडलच डोलत असेल तर तो बेअरिंगचा खर्च आहे, प्लेट बदलून उपयोग नाही.

आटे नीट बघून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक रोटरींचा स्पिंडल एम १४, म्हणजे १४ मिमी जाडीचा, असतो, आट्यांचं अंतर २ मिमी. अमेरिकी मापाच्या प्लेटला ५/८ इंचाचे आटे असतात. ती एम १४ वर चढल्यासारखी वाटते पण सैल डुगडुगते. तशी कधीच चालवू नका. प्लेट शेवटपर्यंत फिरून स्पिंडलच्या खांद्याला टेकली पाहिजे, आट्यांच्या टोकावर अडकून राहिली तर ती डोलणारच. खांद्यावर पातळ फायबरचा वायसर घातला की नंतर प्लेट काढताना जाम होत नाही. स्पिंडल लॉक मशीन पूर्ण थांबल्यावरच दाबा.

चार इंची ग्राइंडरचं उत्तर: नको. त्याचा स्पिंडल बहुधा एम १० असतो. एम १० चा एम १४ करणारा अडॅप्टर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठलाही लेथवाला करून देईल, अडचण तिथं नाहीच. अडचण ११००० आरपीएमची आहे. १२५ मिमी प्लेटची कड त्या वेगाला सेकंदाला ७२ मीटर, म्हणजे ताशी २५० किलोमीटरच्या वर पळते. रोटरीवर १५०० ला तीच कड ताशी ३५ किलोमीटरनं फिरते. प्लेटच्या पाठीवर कमाल आरपीएम छापलेला असतो तो वाचा, आणि छापलेलाच नसेल तर ती प्लेट घेऊच नका. मध्ये पंख्याचा रेग्युलेटर लावायची युक्तीही करू नका, मोटर जोर सोडते आणि जळते.

प्लेट कडक घ्यायची की मऊ, हे वर काय लावणार त्यावर ठरतं. वूल पॅडला स्वतःची गादी नसते, त्याच्याखाली जाड पीयूची मऊ प्लेट हवी. २५ मिमी जाडीच्या फोमला मध्यम कडक प्लेट पुरते. मऊ फोमखाली मऊ प्लेट ठेवली तर सगळं लोण्यासारखं दबतं आणि घासणं होतच नाही. बंपरच्या वळणांसाठी मात्र मऊच बरी. नाडी बांधायच्या बोनेटचं (पॅडवर चढवायच्या कापडी टोपीचं) जुनं रबर पॅड अजून बऱ्याच ठिकाणी दिसतं. पहिल्या घासणीला ते चालतं, पण काळ्या रंगाच्या शेवटच्या हाताला ते माझ्या मते काढूनच ठेवावं. ती टोपी सरकते आणि नाडीची गाठ रंगावर आपटते.

जाळीचं म्हणाल तर प्लेट बदलल्यावर ती कमी होईल, पूर्ण जाणार नाही. आधी गाडी धुऊन क्ले (रंगात रुतलेले कण उचलणारी मऊ वडी) फिरवा. शिरोलीच्या फाउंड्री पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे बारीक कण चिकटतात आणि ते पॅडमध्ये शिरले की तुम्हीच ओरखडे पाडत बसता. धारांना मास्किंग टेप लावा. शेवटचा हात मऊ फिनिशिंग फोमनं, १००० ते १२०० आरपीएम, पॅड सपाट, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट. कंपाउंडचे वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पुरेत, ६०० ला पसरवून मग वेग वाढवायचा. शेवटच्या दोन फेऱ्यांत दाब द्यायचा नाही, मशीनचं वजनच पुरे. पत्र्याला तळहाताची मागची बाजू लावा, चटका बसला तर थांबा.

मऊ काळ्या क्लिअरवर रोटरी थोडी जाळी ठेवतेच, ती ड्युअल अ‍ॅक्शन मशीननं (पॅड गोल फिरवता फिरवता हलवतंही, ते मशीन) निघते. ते मशीन घेतलंत तर रोटरीची प्लेट त्याच्यावर चढवायचा प्रयत्न करू नका. त्याचे आटे वेगळे असतात आणि आतलं वजन त्याच्याच प्लेट-पॅडच्या हिशोबानं तोललेलं असतं.

तूर्त एक १२५ मिमी, एम १४, मध्यम कडक, गोल कडेची, मध्ये भोक असलेली प्लेट घ्या आणि सोबत ७५ मिमीची एक. काम संपलं की पॅड काढून कोमट साबणपाण्यात धुवा. आपल्या पावसाळ्यात ते दोन दिवसही वाळत नाही, तेव्हा पंख्याखाली उभं ठेवा. मशीन पॅडवर टेकवून ठेवू नका, फोमला खड्डा पडतो आणि दुसऱ्या दिवशी तीच थरथर पुन्हा सुरू होते.